भोंगा ऐकण्याचा अभिनय

त्या सिनेमात मी माझी बहीण झालो होतो.
मला बारावं, तिला सत्ताविसावं.
तिनं स्वतःचा जुना फ्रॉक खांद्याशी उसवला,
दोन बोटं सैल केला
आणि म्हणाली, मिल्टन, आता तू झुल्मा.
नदीकडे बघ, पण नदी दिसत नाहीये असं बघ.

नदी म्हणजे उरुग्वे. पलीकडे अर्जेंटिना,
अलीकडे आमचं फ्राय बेंतोस,
आणि काठावर मांसाचा कारखाना, बंद,
क्रेनवर बगळे वस्तीला.
तो बंद पडला तेव्हा ती अकराची.
मी जन्मायचा होतो.

"आता भोंगा वाजतोय," कॅमेऱ्यामागून ती.
मी मान वळवायचो.
"असं नाही. ही हाकेला वळलेली मान झाली.
भोंग्याला मान वळत नाही रे,
भोंग्याला हात थांबतो."
सतरा वेळा माझा हात थांबला
अर्ध्या सोललेल्या बटाट्यावर,
जो आवाज माझ्या हयातीत
एकदाही झाला नव्हता त्याच्यासाठी.

फिल्म धुवायला पैसे कुठले.
न्हाणीघरात लाल बल्ब, बादलीत
उकळलेली येर्बा माते, धुण्याचा सोडा,
आंबट गोळ्यांची पूड.
आई दारावर थापा मारायची:
प्यायला ठेवा की थोडी!
त्या हिरव्या पाण्यातून मी वर आलो,
दात काळे, केस पांढरेफटक.
बाराव्या वर्षी मी स्वतःला म्हातारा पाहिलं,
तेही फ्रॉकात.

पुढच्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात,
माझा आवाज फुटला.
एकच वाक्य होतं मला:
"पापा, आज लवकर?"
"पापा" तिच्या गळ्यातून निघालं
आणि "लवकर" कुणा भलत्याच बाप्याच्या.
झुल्मा हसली नाही. टेप उलटी फिरवून
पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली,
मग ती सगळी गुंडाळी तिनं
टोमॅटोच्या वेलांना बांधायला वापरली.
म्हणून सिनेमा मुका आहे.
मोन्तेविदेओच्या एका मासिकानं लिहिलं,
हे मौन राजकीय आहे.
तिनं ते खोडून काढलं नाही.

वडील पडद्यावर यायला तयार नव्हते.
फक्त हात दाखव म्हणाले.
तेवढे आहेत: नळाखाली, साबणात,
वीस वर्षं डबे भरलेले हात
निघत नसलेलं काहीतरी धूत.
शेवटच्या दिवशी चार वाजता घरी येऊन
ते असे हात धूत राहिले, ही तिची आठवण.
त्या आठवणीवर सिनेमा उभा.

सिनेमा पाहून ते टोपी शोधू लागले.
दारात म्हणाले,
पोरी, त्या दिवशी मी घरी आलोच नव्हतो.
नदीवर बसलो होतो. अंधार पडला तरी.

झुल्मानं काहीच बदललं नाही.
पण त्या रात्रीपासून तो दुपारचा तुकडा
तिचा राहिला नाही.
वडिलांचा तर कधी नव्हताच.
मग उरलो मी.
मी दार उघडलं होतं. साबणाचा वास आला होता.
चार वाजता ते आले होते, मी सांगतो ना,
माझ्या अंगावर फ्रॉक होता.

आता वडील नाहीत. झुल्मा माल्मोत असते,
तिथं दुपारी तीनलाच अंधारतं म्हणे.
परवा तिचा फोन. आधी सांधेदुखी,
मग भाच्याची परीक्षा,
मग बराच वेळ काही नाही.
"भोंगा कसा वाजायचा रे?
मला आठवेना झालाय."

मला विचारतेय. मला.

बायको स्वयंपाकघरातून डोकावली.
मी डोळे मिटले, छाती भरून घेतली
आणि फोनमध्ये वाजलो.

ती ऐकत राहिली.
"जवळजवळ," म्हणाली.
"पण थोडा वरच्या पट्टीत होता."

तिथं मला आता पोचता येत नाही.